श्वासाचे मोजमाप
फुप्फुसांच्या चिरकारी अवरोधी विकाराच्या निदानातील अडचणी

पटकी, प्लेग यांसारख्या साथींचे एक लक्षण असे की, त्या आल्या म्हणजे साऱ्या गावाला कळते. शासनयंत्रणा हलते, पाणी तपासले जाते, रोग्यांची गणती होते. याउलट काही विकार वर्षानुवर्षे घरात मुक्काम करून असतात आणि त्यांना रोग म्हणून कोणी ओळखतही नाही. फुप्फुसांचा चिरकारी अवरोधी विकार हा त्यांपैकी एक होय. वैद्यकीय व्यवहारात तो 'सीओपीडी' या आद्याक्षरी नावाने ओळखला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली या विकाराने जगात सुमारे ३५ लाख माणसे दगावली आणि मृत्यूच्या कारणांमध्ये त्याचा क्रमांक चौथा होता. भारतातील राज्यनिहाय रोगभाराचा जो अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार या विकाराचे देशातील रुग्ण १९९० मध्ये २ कोटी ८१ लाख होते. २०१६ मध्ये ती संख्या ५ कोटी ५३ लाखांवर गेली.

असे असूनही एखाद्या गावात जाऊन या रोगाचे किती रुग्ण आहेत असे विचारले, तर समाधानकारक उत्तर क्वचितच मिळते. क्षयरोग्यांची यादी असते, मधुमेह व रक्तदाब यांच्या नोंदी असतात. धाप लागणाऱ्या माणसांची मात्र नोंद नसते. त्यांच्याविषयी 'जुना दमा आहे', 'वयच झाले' किंवा 'थंडीत छाती भरते' एवढेच सांगितले जाते. रुग्ण कोट्यवधी आणि नोंदीत आलेले थोडे, ही तफावत का पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रोगाचे स्वरूप

आपण श्वास घेतो तेव्हा हवा श्वासनलिकेतून लहान लहान शाखांमध्ये व तेथून सूक्ष्म वायुकोशांमध्ये जाते. धूर, धूळ किंवा विषारी वायू यांचा मारा दीर्घकाळ होत राहिला, तर दोन प्रकारची हानी संभवते. पहिलीत श्वासनलिकांच्या अस्तराला सूज येते, कफ वाढतो व वाट अरुंद होते. हा चिरकारी श्वासनलिकादाह होय. दुसरीत वायुकोशांच्या भिंती नष्ट होऊन फुप्फुसाची लवचिकता जाते. तिला वातस्फीती म्हणतात. बहुतेक रुग्णांत या दोन्ही गोष्टी कमीअधिक प्रमाणात एकत्र आढळतात. परिणाम एकच, तो म्हणजे आत घेतलेली हवा वेगाने बाहेर टाकता येत नाही.

दमा हा याहून वेगळा विकार आहे. दम्यातही श्वासमार्ग आकुंचन पावतात. परंतु औषधाने किंवा आपोआप ते पुष्कळ अंशी पूर्ववत होतात. सीओपीडीमध्ये औषधानंतरही अडथळा शिल्लक राहतो. व्यवहारात ही सीमा नेहमीच स्पष्ट नसते आणि काही रुग्णांत दोन्ही विकार एकत्र नांदतात. निदानातील पहिली अडचण येथेच सुरू होते.

लक्षणे अपुरी का पडतात

लंडनमध्ये १९५८ साली भरलेल्या एका तज्ज्ञ परिषदेत या विकारांच्या व्याख्या ठरविण्याचा मोठा प्रयत्न झाला. पुढे रूढ झालेल्या व्याख्येनुसार लागोपाठ दोन वर्षे, दरवर्षी किमान तीन महिने, बहुतेक दिवशी कफयुक्त खोकला असेल, तर तो चिरकारी श्वासनलिकादाह समजावा. केवळ प्रश्न विचारून उत्तर मिळते, म्हणून ही व्याख्या पाहणी करणाऱ्यांना सोयीची ठरली. परंतु कफयुक्त खोकला असणाऱ्या प्रत्येकाच्या श्वासमार्गात अडथळा असतोच असे नाही आणि अडथळा असणाऱ्या कित्येकांना खोकला नसतो.

धाप लागणे हे लक्षणही फसवे आहे. रक्तक्षय, हृदयविकार, स्थूलता यांमुळेही धाप लागते. शिवाय माणूस आपल्या श्वासाप्रमाणे आपले काम हळूहळू बेतत जातो. विहिरीवरून दोन हंडे आणणारी बाई एक आणू लागते, नंतर ते काम सुनेकडे जाते. टेकडीवरच्या शेतात जाणारा शेतकरी बांधावर बसून देखरेख करू लागतो. अशा माणसाला 'धाप लागते का' असे विचारले असता तो प्रामाणिकपणे 'नाही' असेच सांगेल, कारण धाप लागेल असे काम त्याने सोडूनच दिलेले असते. म्हणून प्रश्न वेगळ्या रीतीने विचारावा लागतो. सपाट रस्त्यावर आपल्या वयाच्या माणसाबरोबर चालताना आपण मागे पडता काय? पाच वर्षांपूर्वी करीत होता त्यांपैकी कोणते काम आता सोडले? अशा प्रश्नांनी खरी स्थिती उघड होते.

छातीच्या क्ष-किरण चित्राचाही येथे मर्यादित उपयोग होतो. आरंभीच्या अवस्थेत ते बहुधा निर्दोष दिसते. त्याची मुख्य मदत क्षय, न्यूमोनिया किंवा कर्करोग यांसारखे अन्य विकार ओळखण्यासाठी होते. आपल्याकडे क्षयरोगाचा विचार विशेष महत्त्वाचा आहे. दोन आठवड्यांपेक्षा अधिक टिकलेल्या खोकल्यात थुंकीची तपासणी प्रथम झालीच पाहिजे. त्याबरोबर हेही ध्यानात घ्यावे की, बरा झालेला क्षय फुप्फुसात व्रण ठेवून जातो व त्यामुळेही श्वासमार्गात कायमचा अडथळा उत्पन्न होऊ शकतो. क्षयाची औषधे पूर्ण करूनही ज्याची धाप कमी होत नाही, त्या रुग्णाची तपासणी तेथेच थांबवू नये.

श्वासमापकाची परीक्षा

लक्षणे अपुरी पडतात म्हणून मोजमापाची गरज भासते. जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्याने १८४६ साली आपल्या श्वासमापक यंत्राची, म्हणजेच स्पायरोमीटरची, माहिती प्रसिद्ध केली. पूर्ण श्वास घेऊन माणूस किती हवा बाहेर टाकू शकतो हे त्याने दोन हजारांहून अधिक व्यक्तींमध्ये मोजले आणि हे प्रमाण उंचीनुसार वाढते असे दाखवून दिले. मात्र एकूण हवा किती, एवढ्यावरून अडथळा कळत नाही. अरुंद तोंडाच्या घड्यातूनही सर्व पाणी बाहेर येतेच. फक्त वेळ अधिक लागतो. ही वेळेची कसोटी फ्रान्समधील तिफनो व पिनेली यांनी १९४७ साली पुढे आणली. तेव्हापासून दोन आकडे महत्त्वाचे ठरले. पहिला आकडा जोराने फुंकताना पहिल्या सेकंदात बाहेर पडलेल्या हवेचा आणि दुसरा संपूर्ण फुंकरीत बाहेर पडलेल्या एकूण हवेचा. पहिल्याला दुसऱ्याने भागले असता जे गुणोत्तर येते, त्यावर आजचे निदान आधारलेले आहे.

उदाहरणादाखल असे समजू की, ५५ वर्षांच्या एका स्त्रीने एकूण १.८० लिटर हवा बाहेर टाकली आणि त्यांपैकी १.१० लिटर पहिल्या सेकंदात टाकली. गुणोत्तर ०.६१ येते. श्वासनलिका रुंदावणारे औषध हुंगवून दहापंधरा मिनिटांनी घेतलेल्या चाचणीतही ते ०.७० पेक्षा कमी राहिले आणि त्या स्त्रीला लक्षणे असतील व धुराचा अथवा तत्सम संसर्गही असेल, तर सीओपीडीचे निदान करतात.

फुंकरीतील दोष

रक्तातील साखर मोजताना रुग्णाने बोट पुढे केले की त्याचे काम संपते. श्वासमापकाचे तसे नाही. येथे रुग्णाने सर्व शक्तीनिशी सहकार्य केले तरच आकडा खरा येतो. छाती पूर्ण भरून श्वास घेणे, ओठ नळीभोवती घट्ट मिटणे, न अडखळता एकदम जोराने फुंकणे आणि आता काहीच उरले नाही असे वाटेपर्यंत फुंकत राहणे, या चारही गोष्टी जमाव्या लागतात.

वरील उदाहरणातील स्त्री संकोचाने किंवा थकव्यामुळे दोन सेकंदांतच थांबली असे समजू. पहिल्या सेकंदातील हवा १.१० लिटरच राहील. परंतु एकूण हवा १.८० ऐवजी १.५० लिटर नोंदली जाईल. गुणोत्तर ०.७३ येईल आणि कागदावर ती निरोगी ठरेल. यंत्र निर्दोष, गणितही बिनचूक, तरीही रोग निसटला. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियमांनुसार किमान तीन समाधानकारक फुंकरी घ्याव्या लागतात आणि त्यांतील सर्वोत्तम दोहोंमध्ये १५० मिलिलिटरपेक्षा अधिक फरक असू नये अशी अपेक्षा असते. तीन लिटरच्या पिचकारीने यंत्राची पडताळणी नियमितपणे करावी लागते. यंत्रापेक्षाही ते चालविणाऱ्या व्यक्तीचे प्रशिक्षण महत्त्वाचे ठरते ते यामुळेच. 'फुंका, फुंका, अजून फुंका' असे रुग्णाच्या बोलीत, आर्जवाने आणि उच्च स्वरात सांगणारा तंत्रज्ञ हा या परीक्षेचा अर्धा भाग आहे.

दुसरा दोष माहितीचा. निरोगी व्यक्तीमध्ये किती हवा अपेक्षित आहे हे वय, उंची व लिंग यांवरून काढले जाते. आपल्याकडील वृद्धांपैकी पुष्कळांची जन्मतारीख अंदाजाने लिहिलेली असते. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही तारीख किती जणांची आहे, हे शिक्षकांना सांगावयास नको. वयात पाचसात वर्षांची चूक झाली की अपेक्षित आकडाही बदलतो. उंचीदेखील विचारून न लिहिता पादत्राणे काढून मोजली पाहिजे. पाठीला बाक आलेल्या माणसाच्या बाबतीत पसरलेल्या दोन हातांमधील अंतरावरून उंचीचा अंदाज घेतात.

सीमारेषा कोठे आखावी

गुणोत्तर ०.७० पेक्षा कमी म्हणजे रोग, हा नियम सीओपीडीविषयक जागतिक उपक्रमाने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पहिल्या अहवालापासून रूढ केला. तो लक्षात ठेवण्यास सोपा आहे. परंतु निरोगी माणसाचे गुणोत्तरही वयानुसार घटत जाते. त्यामुळे सत्तरी ओलांडलेली, कोणताही त्रास नसलेली व्यक्ती या नियमाने रोगी ठरू शकते. उलट पस्तिशीतील एखाद्या तरुणाचे गुणोत्तर ०.७२ असूनही ते त्याच्या वयाच्या मानाने कमी असू शकते आणि तो निरोगी म्हणून परत पाठविला जातो. यासाठी अनेक तज्ज्ञ वयानुसार बदलणारी किमान मर्यादा सुचवितात. निरोगी लोकांपैकी सर्वांत खालच्या पाच टक्क्यांचे प्रमाण जेथे सुरू होते, तेथे ही मर्यादा मानली जाते. एकाच गावात एकाच यंत्राने पाहणी केली तरी या दोन नियमांनी रुग्णांची संख्या वेगवेगळी निघेल. म्हणून कोणताही आकडा वाचताना तो कोणत्या नियमाने काढला आहे, हे विचारणे अगत्याचे आहे.

दुसरा वाद 'अपेक्षित' प्रमाणाविषयीचा आहे. रोगाची तीव्रता ठरविताना रुग्णाची पहिल्या सेकंदातील हवा ही अपेक्षेच्या किती टक्के आहे हे पाहतात. ८० टक्के व त्याहून अधिक असल्यास सौम्य, ५० ते ७९ टक्के मध्यम, ३० ते ४९ टक्के तीव्र आणि त्याखाली अतितीव्र, अशी प्रतवारी आहे. आता ही अपेक्षा कोणत्या लोकांवरून बांधावयाची? भारतीयांच्या फुप्फुसांचे सरासरी आकारमान युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा कमी आढळते. आपल्या उदाहरणातील स्त्रीची अपेक्षा एका सूत्राने २.०० लिटर धरली तर तिचे प्रमाण ५५ टक्के, म्हणजे मध्यम. दुसऱ्या सूत्राने २.४० लिटर धरली तर ४६ टक्के, म्हणजे तीव्र. स्त्री तीच, फुंकर तीच. बदलले ते केवळ सूत्र.

या प्रश्नाकडे महाराष्ट्रात फार पूर्वी लक्ष दिले गेले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांचे सहकारी यांनी भारतीयांसाठी फुप्फुसांच्या कार्याची प्रमाणे १९७७ साली प्रसिद्ध केली. त्याच सुमारास मुंबईतील कमीअधिक प्रदूषण असलेल्या वस्त्यांमधील रहिवाशांच्या श्वसनविकारांचाही त्यांनी अभ्यास केला. पुढे २०१२ साली अनेक देशांतील माहिती एकत्र करून जागतिक सूत्रे तयार झाली. परंतु त्यांमध्येही भारतीय उपखंडासाठी स्वतंत्र सूत्र होऊ शकले नाही. वंशानुसार वेगळी सूत्रे वापरावीत की सर्वांसाठी एकच असावे, याविषयीही अलीकडे पुनर्विचार सुरू आहे. लहान फुप्फुस हा उपजत गुण मानला, तर कुपोषण, बालपणातील आजार आणि धूर यांनी केलेली हानी 'नैसर्गिक' म्हणून झाकली जाण्याचा धोका असतो, ही त्यामागील भूमिका आहे.

चुलीपाशी बसणारी रुग्ण

पाश्चात्त्य देशांत हा रोग प्रामुख्याने धूम्रपान करणाऱ्यांचा मानला गेला व प्रश्नावल्याही त्याच दृष्टीने तयार झाल्या. लंडनमधील ७९२ पुरुषांचे आठ वर्षे निरीक्षण करून फ्लेचर व पीटो यांनी १९७७ साली जो निष्कर्ष मांडला, तो आजही मार्गदर्शक आहे. धूम्रपान सोडल्याने गेलेली शक्ती परत येत नाही. परंतु पुढील ऱ्हासाचा वेग निरोगी माणसाइतका मंदावतो. निदान लवकर होण्याचे महत्त्व यातूनच स्पष्ट होते.

आपल्याकडे मात्र बिडीसिगारेट कधीही न ओढलेल्या स्त्रियांची संख्या यात मोठी आहे. दिल्लीच्या डॉ. एस. पद्मावती यांनी १९५९ साली फुप्फुसविकारामुळे उद्भवणाऱ्या हृदयविकाराचा अभ्यास प्रसिद्ध करताना घरगुती धुराकडे लक्ष वेधले होते. कर्क स्मिथ व त्यांचे सहकारी यांनी गुजरातमधील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात प्रत्यक्ष किती धूर जातो याचे मोजमाप करून १९८३ साली निष्कर्ष मांडले. पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन असे दाखवून दिले की, जगातील सीओपीडीच्या रुग्णांपैकी सुमारे २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेले नाही.

तंबाखूचे मोजमाप दिवसाला किती बिड्या व किती वर्षे असे करता येते. चुलीच्या धुराचेही तसेच करता येईल. दररोज चुलीजवळ जाणारे सरासरी तास आणि वर्षे यांचा गुणाकार केला की झाले. रोज चार तास व तीस वर्षे म्हणजे १२० तास-वर्षे. सरपण, गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाट्या यांपैकी काय जळते, स्वयंपाकघराला धुराडे आहे काय, गॅस असूनही पाणी तापविण्यासाठी चूल पेटते काय, हेही विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व विशेष आहे. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाल्यापासून गॅसजोडण्या मोठ्या प्रमाणावर घरोघरी पोहोचल्या. परंतु जोडणी असणे आणि धूर थांबणे या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

आकडे वाचताना

पंधरा वर्षांवरील १,६९,५७५ व्यक्तींची जी देशव्यापी पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली, तीत पस्तिशीपुढील लोकांत चिरकारी श्वासनलिकादाहाचे प्रमाण ३.४९ टक्के आढळले. ही पाहणी प्रश्नावलीवर आधारलेली होती. आरंभी उल्लेखिलेला ५ कोटी ५३ लाखांचा आकडा हा विविध अभ्यासांवरून गणिताने काढलेला अंदाज आहे. प्रत्येकाला तपासून केलेली ती शिरगणती नव्हे. म्हणून असे आकडे टाकाऊ ठरत नाहीत. प्रश्नाचा आवाका त्यांवरून कळतो. परंतु आपल्या तालुक्यात कोणाला उपचार हवे आहेत हे त्यांवरून कळत नाही.

मृत्युनोंदणीचीही मदत तोकडीच आहे. देशात २०२० साली नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२ टक्के मृत्यूंचेच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले होते. घरी मरण आलेल्या वृद्धेच्या नावापुढे 'वृद्धापकाळ' असे लिहिले गेले की तिचा वीस वर्षांचा विकार कागदावर कधी उमटतच नाही.

गावपातळीवर काय करता येईल

असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आता या विकाराचाही समावेश झालेला आहे. तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी आशा कार्यकर्ती जो तपासणी तक्ता भरते, त्यात खोकला व धाप यांबरोबरच स्वयंपाकाचे इंधन आणि धूर-धुळीचा व्यवसाय यांचीही विचारणा आहे. हे रकाने घाईने न भरता विचारपूस करून भरले जावेत, याकडे पंचायत सदस्यांनी लक्ष द्यावे. वीटभट्टी, दगडखाण, पिठाची गिरणी, जिनिंग कारखाना येथे काम केलेल्यांची नावे पंचायतीला ठाऊक असतात.

सरसकट साऱ्या गावाला रांगेत उभे करून श्वासमापकाची शिबिरे भरविणे उपयोगाचे नाही. लक्षणे नसलेल्यांची अशी चाळणी करू नये, असा सल्ला अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळाने २०१६ साली दिला व २०२२ साली तो कायम केला. लक्षणे व धुराचा संसर्ग दोन्ही असलेल्यांची निवड करावी, क्षयाची शंका आधी दूर करावी आणि मग प्रशिक्षित तंत्रज्ञ असलेल्या रुग्णालयात ठरलेल्या दिवशी त्यांना एकत्र न्यावे, ही रीत अधिक फलदायी ठरेल. श्वासाचा केवळ सर्वाधिक वेग दाखविणारी साधी नळी शिबिरांत वापरली जाते. तिच्यावरून शंका घेता येते. निदान करता येत नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्या, डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा थुंकीतून रक्त पडणाऱ्या व्यक्तींची फुंकर-परीक्षा वैद्यकीय सल्ल्याने पुढे ढकलावी लागते.

शिक्षकांचा वाटाही लहान नाही. तीन दीर्घकालीन अभ्यासांच्या आधारे २०१५ साली असे दिसून आले की, सीओपीडी झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांची फुप्फुसे ऐन तारुण्यातच अपेक्षेपेक्षा दुर्बल होती. म्हणजे या रोगाची पायाभरणी बालपणात होऊ शकते. शालेय पोषण आहार धुराच्या चुलीवर शिजत असेल, तर तो धूर वर्गात व स्वयंपाक करणाऱ्या ताईंच्या छातीत जातो. ही बाब शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवण्यास कोणत्याही नव्या आदेशाची आवश्यकता नाही.

निदान झाल्यावर रोग समूळ बरा होत नाही, हे खरे. परंतु तंबाखू सुटते, चूल बदलते, हुंगण्याचे योग्य औषध योग्य रीतीने सुरू होते, लसीकरणाने छातीचे संसर्ग टळतात आणि रुग्णालयाच्या वाऱ्या कमी होतात. यासाठी त्या व्यक्तीचे नाव प्रथम एखाद्या यादीत यावे लागते. आकड्यांच्या मर्यादा ओळखूनही मोजमापाचा आग्रह धरावयाचा तो याच कारणासाठी. पुढील ग्रामसभेपूर्वी आपल्या गावातील पन्नाशीपुढील स्त्रियांपैकी कितींनी धापेमुळे पाणी भरणे सोडले आहे, एवढी एक यादी झाली, तरी कामास योग्य आरंभ झाला असे म्हणता येईल.